दुकानात कार्ड मशीन घेताय? कार्ड टेकवल्यापासून पैसे खात्यात पडेपर्यंत काय काय होतं ते सगळं

मशीनवर ‘अप्रूव्ड’ आलं, स्लिप फाडली, गिऱ्हाईक पिशवी उचलून गेलं. या घडीला तुमच्या खात्यात एक रुपयासुद्धा आलेला नाही. तुम्हाला मिळालाय तो त्याच्या बँकेचा शब्द. पैसे येणार उद्या, तेही कापून, आणि पुढे काही महिने ते परत मागितले जाऊ शकतात. एवढं पक्कं डोक्यात बसलं की बाकीचा कारभार कळायला सोपा आहे. मी दुकानदारांचे हिशेब बघतो, कापडवाले, हार्डवेअर, मेडिकल, काही होमस्टेवाले, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, “अहो मशीनवाल्यांनी पैसे कमी का टाकले?” म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. दर आणि नियम भारतातले आहेत.

मध्ये कोण कोण बसलंय

गिऱ्हाईक आणि तुम्ही सोडून तिघं. गिऱ्हाइकाला कार्ड दिलेली बँक म्हणजे इश्यूअर. तुम्हाला मशीन दिलेली बँक म्हणजे अक्वायरर. आणि त्या दोघींच्या मध्ये नेटवर्क, म्हणजे व्हिसा, मास्टरकार्ड किंवा आपलं रुपे, जे एनपीसीआय चालवतं. नेटवर्क स्वतः कुणाला उधार देत नाही, ते निरोप आणि हिशेब इकडचा तिकडे करतं. हल्ली बहुतेक छोट्या दुकानांत आणखी एक जण असतो, पेमेंट अ‍ॅग्रीगेटर, तो अक्वायरर बँकेशी स्वतः करार करतो आणि तुमच्यासारखे हजारो दुकानदार त्याच्याखाली येतात.

आता समजा येवल्याच्या एका दुकानात १०,००० रुपयांची पैठणी विकली आणि गिऱ्हाइकाने क्रेडिट कार्ड पुढे केलं. कार्ड मशीनला टेकवलं किंवा खाचेत घातलं की मशीन रक्कम, कार्डाची माहिती आणि स्वतःचा टीआयडी नंबर गुंडाळून अक्वायररकडे पाठवतं. टीआयडी म्हणजे मशीनची ओळख, एमआयडी म्हणजे तुमच्या दुकानाची, दोन्ही स्लिपवर छापलेले असतात. कार्डाच्या पहिल्या सहा-आठ आकड्यांवरून ते कुठल्या नेटवर्कचं आणि कुठल्या बँकेचं हे कळतं, म्हणून ४ ने सुरू झालं की व्हिसा. निरोप नेटवर्कमधून इश्यूअरकडे जातो, तिथे कार्ड चालू आहे का, लिमिट शिल्लक आहे का, पिन बरोबर आहे का, व्यवहार संशयास्पद तर नाही ना हे बघून उत्तर परत येतं, आणि हे सगळं दोन-तीन सेकंदांत. ५,००० पर्यंत नुसतं टेकवून चालतं, त्यावर पिन लागतोच. हो म्हटलं तर एक अप्रूव्हल कोड येतो आणि गिऱ्हाइकाच्या लिमिटमधून १०,००० अडकवून ठेवले जातात. अडकवले फक्त, हलले नाहीत.

नाही म्हटलं तर एक कोड येतो आणि तो वाचायची सवय लावून घ्या, निम्मी डोकेदुखी कमी होते. ५१ म्हणजे लिमिट किंवा शिल्लक कमी. ५५ म्हणजे पिन चुकला. ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपली. ९१ म्हणजे इश्यूअरची सिस्टीमच बंद, थोड्या वेळाने परत बघा. ०५ म्हणजे बँक कारण न सांगता नाही म्हणतेय, तिथे त्याच कार्डावर पाच वेळा घासत बसू नका, उलट संशय वाढतो, दुसरं कार्ड मागा.

रात्री दुकान बंद करताना बॅच क्लोज करतात, म्हणजे मशीनवरचे दिवसभराचे व्यवहार एकत्र करून पाठवतात, काही मशीन आपोआप करतात. इथून खरा पैसा हलायला लागतो. दिवसभराचे व्यवहार अक्वायरर नेटवर्ककडे पाठवतो, नेटवर्क कोणत्या बँकेने कोणाला किती द्यायचे ते काढतं, बँका आपसात चुकते करतात आणि अक्वायरर तुमच्या खात्यात टाकतो, बहुतेक वेळा पुढच्या कामाच्या दिवशी. मशीन ऑटोवर नसेल आणि बॅच क्लोज करायची राहिली तर पैसे तेवढे दिवस लांबतात, आणि फार दिवस राहिली तर त्या व्यवहारावर वाद घालायला बँकेला आयतं कारण मिळतं.

गिऱ्हाईक मात्र ते १०,००० बिल आल्यावर भरणार, ४५-५० दिवसांनीसुद्धा. तोवर पैसे गुंतलेत इश्यूअरचे, बुडाले तर तेही त्याचेच. तुमच्याकडून जो कट जातो त्यातला मोठा वाटा म्हणूनच इश्यूअरकडे जातो, त्याला इंटरचेंज म्हणतात. रिवॉर्ड पॉइंट आणि एअरपोर्ट लाउंजचा खर्चही बऱ्यापैकी याच पैशातून निघतो, म्हणजे गिऱ्हाईक लाउंजमध्ये फुकट इडली खातं त्याचे थोडे पैसे तुम्ही दिलेले असतात.

कट किती आणि कशावर

याला एमडीआर म्हणतात आणि इथे मशीन विकायला येणारी पोरं सगळ्यात जास्त गोलमाल बोलतात. एकच दर असा नसतो. कार्डाच्या जातीप्रमाणे दर बदलतो.

रुपे डेबिट कार्डावर आणि बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआयवर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्य. व्हिसा-मास्टरकार्डच्या डेबिट कार्डावर आरबीआयने कमाल मर्यादा घातलीय: मागच्या आर्थिक वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर मशीनवर ०.४० टक्के आणि एका व्यवहाराला जास्तीत जास्त २०० रुपये, उलाढाल त्यापेक्षा जास्त असेल तर ०.९० टक्के आणि जास्तीत जास्त १,००० रुपये. याच्यावर कोणी लावत असेल तर सरळ लेखी विचारा.

क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही, तिथे बोलणी करावी लागतात. साधारण दीड ते अडीच टक्क्यांत सौदा होतो, कॉर्पोरेट आणि परदेशी कार्डांना ३ टक्क्यांच्या आसपास जातो. आपल्या पैठणीला १.८ टक्के धरू. १०,००० वर १८० रुपये एमडीआर, त्या १८० वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३२.४० रुपये, एकूण कट २१२.४० आणि खात्यात ९,७८७.६०. हाच तो “कमी टाकलेला” आकडा.

जीएसटी व्यवहाराच्या रकमेवर नाही, कटावर लागतो, आणि २,००० रुपयांपर्यंतच्या कार्ड व्यवहारावर तोही लागत नाही. हे ऐकून काहींना सुचतं की मोठं बिल दोन-दोन हजारांचे तुकडे करून घासावं. अजिबात करू नका. एकाच कार्डावर लागोपाठ सारख्या रकमा दिसल्या की अक्वायररच्या रिस्क टीमला वाटतं इथे काहीतरी शिजतंय आणि सगळं सेटलमेंट, म्हणजे खात्यात पडणारे पैसे, थांबतं. ३२ रुपये वाचवायला गेले आणि दहा हजार अडकले, असं होतं.

क्यूआरचं एक वेगळं सांगतो कारण यावर फार फोन येतात. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, त्यामुळे गिऱ्हाईक तुमचा नेहमीचाच क्यूआर स्कॅन करतं पण पैसे येतात क्रेडिट कार्डावरून. छोट्या दुकानदाराला २,००० पर्यंत त्यावर कट नाही, वर गेलं की आहे. दुकानदाराला वाटतं यूपीआय फुकट, मग पैसे का कापले? तर म्हणून कापले. अ‍ॅपच्या रिपोर्टमध्ये अशा व्यवहारापुढे क्रेडिट कार्ड असं लिहिलेलं असतं.

आणि हो, “कार्ड असेल तर २ टक्के जादा पडतील” हे वाक्य बंद करा. डेबिट कार्डावर एमडीआर गिऱ्हाइकाकडून घ्यायचा नाही असं आरबीआयने बँकांना स्पष्ट सांगितलंय, आणि क्रेडिट कार्डाचं तुम्ही सही केलेल्या करारात बहुतेक वेळा लिहिलेलं असतंच. गिऱ्हाइकाने स्लिपचा फोटो काढून तक्रार केली तर उत्तर तुम्हाला द्यायचंय. किंमत ठरवतानाच हा खर्च धरून चाला.

बँकेचं मशीन की अ‍ॅग्रीगेटरचं

तुमचं करंट खातं जुनं आहे, महिन्याला कार्डावर बरी विक्री होते आणि मॅनेजर ओळखीचा आहे, तर बँकेकडून थेट घ्या, दर खाली आणता येतो. नवीन धंदा असेल, लवकर चालू करायचं असेल किंवा ऑनलाइन लिंक पाठवून पैसे घ्यायचे असतील तर अ‍ॅग्रीगेटर बरा, घरबसल्या केवायसी होतं. माझं मत विचाराल तर छोट्या दुकानाने आधी भाडं बघावं आणि मग टक्के. कारण बघा, महिन्याला कार्डावर २०,००० ची विक्री आणि मशीनचं भाडं ५००, म्हणजे भाडंच अडीच टक्के झालं, एमडीआर वेगळा! तोच माणूस ०.१ टक्क्यासाठी तासभर घासाघीस करतो आणि भाड्याकडे बघतही नाही.

अ‍ॅग्रीगेटर घेताना तो आरबीआयच्या परवानाधारक यादीत आहे का ते आरबीआयच्या साइटवर बघा. मार्च २०२० च्या नियमांनी ऑनलाइनवाल्यांना परवाना आणि दुकानदारांचे पैसे वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवणं सक्तीचं केलं, सप्टेंबर २०२५ च्या नव्या निर्देशांत दुकानातल्या मशीनवाल्यांचाही समावेश झाला. एस्क्रोचा अर्थ एवढाच की तुमचे पैसे त्या कंपनीच्या पगारात आणि जाहिरातीत जायला नकोत.

कागदपत्रं म्हणाल तर पॅन, आधार, करंट खात्याचा कॅन्सल चेक, जीएसटी असेल तर सर्टिफिकेट, नसेल तर उद्यम, आणि शॉप अ‍ॅक्ट. महाराष्ट्रात कामगार थोडे असतील तर २०१७ च्या कायद्याप्रमाणे फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते, त्याची पावती चालते, लोक अजून त्याला गुमास्ताच म्हणतात. दुकानाचा बोर्ड दिसेल असा फोटो लागतो, काही ठिकाणी माणूस बघायला पण येतो.

फॉर्ममध्ये दोन रकाने नीट भरून घ्या, एजंटवर सोडू नका. पहिला धंद्याचा प्रकार, म्हणजे चार आकडी एमसीसी कोड. किराणा ५४११, हॉटेल-खानावळ ५८१२, दागिने ५९४४. याच्यावर दर आणि रिस्क दोन्ही ठरतात, आणि किराण्याच्या कोडवर सोनं विकायला लागलात तर खातं बंद होऊ शकतं. दुसरा म्हणजे गिऱ्हाइकाच्या कार्ड स्टेटमेंटवर दिसणारं नाव. दुकानाच्या बोर्डावर एक नाव, आणि स्टेटमेंटवर मालकाच्या वडिलांच्या नावाने काढलेल्या फर्मचं नाव, असं असलं की महिन्याने गिऱ्हाईक म्हणतं मी इथे कधी गेलोच नाही, आणि त्याच्या बँकेत डिस्प्यूट, म्हणजे व्यवहाराविरुद्ध तक्रार, टाकतं. खरंखुरं गिऱ्हाईक, खरा माल, तरी भांडण. बोर्डावरचं नावच तिथे यायला हवं.

सही करायच्या आधी कार्डाच्या प्रत्येक प्रकाराचा दर लिहिलेला कागद मागा आणि एवढं विचारा: लॉक-इन किती, विक्री झाली नाही तरी भाडं लागतं का, इन्स्टंट सेटलमेंटचे पैसे किती, चार्जबॅक, म्हणजे गिऱ्हाइकाच्या बँकेने पैसे परत मागणं, आला तर फी किती, आणि रिफंड दिला तर कापलेला एमडीआर परत मिळतो का. शेवटच्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असतं.

रोजचं काम

चुकून जास्त रक्कम मारली गेली तर बॅच क्लोज व्हायच्या आत व्हॉइड करा, व्यवहार मिटतो आणि गिऱ्हाइकाचं लिमिट लवकर सुटतं. बॅच गेल्यावर रिफंडच करावा लागतो आणि त्याला काही कामाचे दिवस जातात. रिफंड नेहमी त्याच कार्डावर द्यायचा. “सोडा हो, जीपे करतो” असं म्हणून यूपीआयने परत दिलं आणि गिऱ्हाइकाने बँकेतही डिस्प्यूट टाकला तर पैसे दोनदा जातात, कारण बँकेच्या हिशेबात कार्डावर रिफंड दिसतच नाही.

कुणी येऊन म्हणालं, “कार्ड घास आणि कॅश दे, तुला अडीच टक्के देतो,” तर हात जोडा. क्रेडिट कार्डावर दुकानातून रोख देणं नियमात बसत नाही. डेबिट कार्डावर थोडी रोख द्यायची परवानगी असलेली एक वेगळी सोय आहे, ती बँकेने चालू करून दिली असेल तरच. माल न विकता फिरवलेले व्यवहार पकडले गेले की अक्वायरर एमआयडी बंद करतो आणि नाव नेटवर्कच्या काळ्या यादीत गेलं तर दुसरी बँकही मशीन देत नाही.

हिशेबाचं. विक्री ९,७८७.६० ची दाखवायची नाही, बिल १०,००० चं आहे, विक्री १०,००० चीच. १८० बँक चार्जेस म्हणून खर्चाला, आणि ३२.४० जीएसटीत नेहमीची नोंदणी असेल तर इनपुट क्रेडिट म्हणून मिळतो, कंपोझिशनवाल्यांना मिळत नाही. त्यासाठी बँकेच्या किंवा अ‍ॅग्रीगेटरच्या महिन्याच्या टॅक्स इनव्हॉइसवर तुमचा जीएसटी नंबर छापलेला हवा, तो त्यांच्याकडे दिलाय का बघा, बऱ्याच जणांनी दिलेलाच नसतो आणि वर्षभराचं क्रेडिट सोडून देतात. खात्यात जी रक्कम पडते ती त्या दिवसाच्या सगळ्या व्यवहारांची मिळून एकच असते, त्यामुळे पोर्टलवरून सेटलमेंट रिपोर्ट काढून आठवड्यातून एकदा तरी बॅचशी जुळवा. शनिवार-रविवारची विक्री बऱ्याचदा सोमवारी-मंगळवारी एकत्र पडते, तिथेच लोक गोंधळतात. एक फायदाही सांगतो: छोट्या व्यापाऱ्यांच्या अंदाजे नफ्याच्या योजनेत रोख विक्रीवर ८ टक्के नफा धरतात, बँकेतून-कार्डातून आलेल्यावर ६ टक्के. वर्षाच्या शेवटी एमडीआरमधलं थोडंफार तिथे भरून निघू शकतं.

चार्जबॅक

इथे जरा थांबून वाचा. गिऱ्हाईक त्याच्या बँकेला सांगतं की व्यवहार मी केला नाही, किंवा माल आला नाही, किंवा सांगितला तसा नव्हता. त्याची बँक नेटवर्कमार्फत पैसे परत मागते, अक्वायरर तुमच्या येणाऱ्या सेटलमेंटमधून ती रक्कम कापून किंवा अडकवून ठेवतो आणि तुम्हाला ईमेल पाठवतो की अमुक तारखेच्या आत पुरावा द्या. मुदत थोड्या दिवसांची असते. ईमेल जातो खातं उघडताना दिलेल्या पत्त्यावर, आणि तो पत्ता बऱ्याचदा ज्याने फॉर्म भरला त्या भाच्याचा असतो. आधी तो बदला.

डिस्प्यूट टाकायला साधारण १२० दिवसांपर्यंत मुदत असते, आणि सेवा पुढच्या तारखेची असेल तर ते दिवस सेवेच्या तारखेपासून मोजले जाऊ शकतात. एका गेस्टहाऊसवाल्यांचं प्रकरण माझ्याकडे होतं, गोव्यातलं. परदेशी पाहुण्याने ऑक्टोबरात नाताळचं बुकिंग केलं, आला नाही, आणि एप्रिलमध्ये चार्जबॅक. मालकांचं म्हणणं, बुकिंग नॉन-रिफंडेबल होतं. होतं खरं, पण ते लिहिलेलं होतं रिसेप्शनच्या भिंतीवर. पेमेंट लिंकच्या पानावर नव्हतं, पाहुण्याला गेलेल्या मेलमध्ये नव्हतं. त्यात परदेशी कार्डावर ओटीपी लागलेला नव्हता. पैसे गेले, त्यावर चार्जबॅकची फी गेली. आता त्यांच्या लिंकवर पैसे भरायच्या आधी कॅन्सलेशनच्या अटीवर टिक करावी लागते.

ओटीपीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. चिप आणि पिन वापरून किंवा ऑनलाइन ओटीपीने झालेल्या व्यवहारात “मी केलाच नाही” असा दावा आला तर जबाबदारी बहुतेक वेळा इश्यूअरकडे जाते. ओटीपीशिवाय झाला तर तुमच्या गळ्यात. भारतीय कार्डांना ऑनलाइन ओटीपी किंवा तसली दुसरी पडताळणी साधारणपणे लागते, परदेशी कार्डांचं तसं नाही, म्हणून मोठ्या रकमेचं परदेशी बुकिंग आलं की अ‍ॅग्रीगेटरला विचारा की फक्त पडताळणी झालेलेच व्यवहार घ्यायची सोय आहे का. पण माल मिळाला नाही किंवा खराब निघाला या तक्रारीला ओटीपीचं कवच नाही, तिथे तुमचे कागदच कामाला येतात.

कागद म्हणजे बिल, चार्ज स्लिप, पार्सल असेल तर पोचपावती, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं. आणि चार्ज स्लिप! ती थर्मल कागदावर छापलेली असते, काउंटरच्या खणात उन्हाळा काढला की कोरी होते. पुराव्याची वेळ येते तेव्हा हातात पांढरी पट्टी उरते. रोज संध्याकाळी मोठ्या रकमेच्या स्लिपा बिलाशेजारी ठेवून मोबाइलवर फोटो काढा, आणि बिलावर आरआरएन लिहून ठेवा, हा स्लिपवरचा बारा आकडी नंबर असतो, बँकेशी बोलताना पहिला प्रश्न त्याचाच येतो.

ऑनलाइन घेणाऱ्यांसाठी

कार्डाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवू नका, वहीत नंबर लिहू नका, सीव्हीव्ही तर कुठेच नाही. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराने कार्डाचा नंबर साठवायचा नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे नंबराच्या जागी चालणारा बदली कोड, ठेवलं जातं, आणि ते काम गेटवे, म्हणजे तुमची पेमेंट लिंक चालवणारी कंपनी, करतो. तुम्ही लिंक पाठवा, बाकी त्यांच्यावर सोडा. साइट असेल तर त्यावर पत्ता, फोन, रिफंडचे नियम आणि अटी हवेतच, नाहीतर केवायसी तिथेच अडकतं. महिन्याची फी आपोआप कापायची असेल, म्हणजे क्लास, जिम वगैरे, तर गिऱ्हाइकाला एकदा ओटीपी देऊन मंजुरी द्यावी लागते, पुढे १५,००० पर्यंतचे हप्ते साधारणपणे विनाओटीपी जातात, त्यावर दर वेळी ओटीपी.

पैसे अडकले तर आधी अक्वायरर किंवा अ‍ॅग्रीगेटरकडे लेखी तक्रार, तक्रार क्रमांक घेऊन. फोनवर बोललात तरी मागून मेल करा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट आहे, वकील लागत नाही. फक्त दर जास्त लावला अशी सौद्याची तक्रार तिथे टिकत नाही, सेवेत कसूर दाखवावी लागते.

आणि मशीन बंद करायचं असेल तर नुसतं कपाटात टाकू नका, भाडं चालूच राहतं आणि खात्यातून आपोआप कापलं जातं. लेखी अर्ज द्या, मशीन परत केल्याची पावती घ्या, टीआयडी बंद झाल्याचा मेल मागा, भाड्याचं ऑटो-डेबिट बँकेतून रद्द करा. खातं मात्र लगेच बंद करू नका, शेवटच्या महिन्यातल्या विक्रीवर चार्जबॅक नंतरही येऊ शकतो, त्यामुळे बिलं, स्लिपांचे फोटो आणि तो ईमेल पत्ता पुढचे पाच-सहा महिने तरी चालू ठेवा.